आठवीच्या पानावर अडलेले मिस्त्री

मिस्त्रींचा एक नियम होता आणि त्या नियमाने वहिनींचं डोकं उठवलं होतं. कुठलंही यंत्र पहिल्या स्क्रूपासून समजून घेतल्याशिवाय त्यात तेलाचा थेंबसुद्धा घालायचा नाही. गिऱ्हाईक शिवणयंत्र घेऊन येई आणि सांगे, "दोरा तुटतो, बाकी ठणठणीत आहे." मिस्त्री मान डोलवत आणि सगळं यंत्र सोडवून बसत. निघालेले स्क्रू बाटल्यांच्या झाकणांत ओळीने मांडून ठेवत. त्या झाकणांना हात लावायची घरात कुणाची टाप नव्हती. दुकानाच्या दुसऱ्या भागात त्यांची बायको, म्हणजे साऱ्या गल्लीच्या वहिनी, कपडे शिवत. मध्ये एक पडदा होता, पण वाद कधी त्या पडद्याने अडला नाही.

यंत्रापुरता हा नियम ठीकच होता, त्याच्यावरच तर घर चाललं होतं. पण एक दिवस शाळेने मुलीच्या हाती जाडजूड पुस्तिका धाडली. राष्ट्रीय अभ्यासक्रम, बालवाडी ते पदवी, पालकांच्या माहितीसाठी. सोबत एक साधा अर्ज. नववीसाठी शाखा निवडा, पालकांची सही घ्या, शुक्रवारी कचेरी बंद व्हायच्या आत आणून द्या. नाही आणलात तर जिथे जागा रिकामी असेल तिथे विद्यार्थ्याला घालण्यात येईल. आणि जागा कुठे रिकामी राहते हे सगळ्यांना माहीत होतं. व्यवसाय शाखेत.

मुलीचं, म्हणजे चिमणीचं, कधीच ठरलं होतं. तिला जनावरांचं डॉक्टर व्हायचं होतं आणि त्याला विज्ञान शाखा लागते. खूण करायची, सही ठोकायची, विषय संपला. मिस्त्रींनी चष्मा पुसला आणि पुस्तिकेचं पहिलं पान उघडलं.

"अहो, बालवाडी कशाला वाचताय? पोरगी आठवी संपवून बसलीये."

"खालचं कळल्याशिवाय वरचं कसं कळणार?"

वहिनींनी कपाळाला हात लावला. पुढचे दिवस कसे गेले ते त्यांनाच ठाऊक. सकाळ उजाडली की मिस्त्री पुस्तिका घेऊन बसत. गिऱ्हाइकांची यंत्रं उघडी पडली, झाकणांत धूळ साचली. मध्येच पडद्याआडून आवाज येई, "अगं, अध्ययन निष्पत्ती म्हणजे काय असेल?" वहिनींच्या तोंडात टाचण्या असत, त्यामुळे उत्तर मनातल्या मनात दिलं जाई, आणि ते तसंच राहिलेलं बरं. कधी मिस्त्री खूश होऊन वाचून दाखवत, "मूल लहानमोठ्या वस्तू क्रमाने लावते. हे मात्र बरोबर लिहिलंय."

"मग कळवा त्यांना. म्हणावं, आमची परवानगी आहे, करा सुरू."

चिमणी वडलांना काही बोलत नसे. पण ती नखं कुरतडायला लागली होती आणि ते बघून वहिनींचा जीव वरखाली होत होता. शेवटी त्या शाळेत जाऊन वर्गशिक्षिकेला भेटल्या. बाईंनी तीच पुस्तिका टेबलावरून उचलली, चाळली आणि परत ठेवली. "आमचं प्रशिक्षण अजून व्हायचंय," त्या म्हणाल्या. "पण काळजी करू नका, सगळ्या शाखा सारख्याच." वहिनी तणतणत घरी आल्या. ज्यांनी शिकवायचं त्यांनी वाचलेलं नाही, आणि ज्याने नुसती सही करायची तो माणूस पाठ करायला बसलाय.

गुरुवारी मिस्त्री आठवीपर्यंत पोचले आणि तिथेच थांबले. शुक्रवारी दुपारीही तेच पान. त्या पानावर एक चित्र होतं. खालून एक जाड रेघ वर येत होती आणि आठवीनंतर तिला तीन फाटे फुटत होते. मिस्त्री त्यातल्या एका फाट्यावर बोट ठेवून बसले होते.

वहिनींचा बांध फुटला. पडदा सारून त्या तरातरा आल्या आणि त्यांनी पुस्तिका ओढून घेतली. "पुरे झालं आता. पोरीच्या आयुष्याची माती करणार आहात का? सही करायला एवढा काय विचार लागतो?"

"माझ्या वडलांना नाही लागला," मिस्त्री म्हणाले.

वहिनींनी उगारलेली पुस्तिका खाली घेतली. हा माणूस वडलांबद्दल कधी बोलत नसे.

"ते कामावर निघाले होते. मास्तर म्हणाले, सगळ्या शाखा सारख्याच. वडलांनी कागद भिंतीला टेकवला आणि सही केली. मी व्यवसाय शाखेत गेलो. पुढे कॉलेजचं विचारलं तर शाळेत म्हणाले, तिथून रस्ता नाही." त्यांनी वहिनींच्या हातातल्या पानावर बोट ठेवलं. व्यवसाय शाखेतून विज्ञानाकडे एक बारीक तुटक रेघ जात होती, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की जोडपरीक्षा देऊन शाखा बदलता येते, ही सोय पूर्वीच्या अभ्यासक्रमातही होती.

"पूर्वीच्या म्हणजे आमच्याच ना?" त्यांनी विचारलं.

अभ्यासात आपलं डोकं चालत नव्हतं असं हा माणूस लग्न झाल्यापासून सांगत आला होता, आणि वहिनींनी ते खरं मानलं होतं. इतका राग आला होता, पण आता तो काढायचा कुणावर?

मिस्त्रींनी चिमणीला हाक मारली. "पुढचं तू वाच. मोठ्याने." ती वाचत गेली, नववी, दहावी, बारावी, पदवी. पशुवैद्यक हा शब्द आला तेव्हा मिस्त्रींनी तिला ती ओळ पुन्हा वाचायला लावली, मग अर्ज टेबलावर नीट ठेवला आणि सावकाश सही केली. वहिनींनी चपला पायांत अडकवल्या आणि अर्ज घेऊन धूम ठोकली.

कचेरीतला कारकून खिडकीचं दार ओढत होता. वहिनींनी फटीत कोपर घातलं. "ठेवा तिथे, सोमवारी बघू," तो म्हणाला.

"सोमवारी नाही. आत्ता शिक्का मारा, मी बघते."

शिक्का बसला. वहिनींना हायसं वाटलं, घाम पुसत त्या वळल्या. मागे कामावरच्या कपड्यांत एक माणूस धापा टाकत उभा होता. त्याची मुलगी बाजूला नखं कुरतडत होती. त्याने अर्ज भिंतीला टेकवला आणि खिशातून पेन काढलं.

वहिनींनी ते पेन त्याच्या हातातून काढून घेतलं.

"बाई, खिडकी बंद करायचीये," कारकून वैतागून म्हणाला.

"थांबा जरा." त्यांनी त्या माणसाला बाकावर बसवलं आणि मुलीच्या दप्तरातून डोकावणारी पुस्तिका ओढली. "भाऊ, आधी ऐका यात काय लिहिलंय ते. मग सही करा."

आणि त्यांनी पहिलं पान उघडलं.