बाजूचं दार

गाडी कुणाचीही असो, काका आधी तिच्या मागच्या फळीवर जाऊन बसत. डोळे मिटून दोनदा अंगाचा भार टाकत आणि म्हणत, "सांगता गाडी. ऐकूक व्हया फक्त."

घाटकोपरला असल्फ्याच्या चढाखाली त्यांची पत्र्याची शेड होती. टेम्पोच्या बॉड्या बांधायचे. मूळचे मालवणकडचे, त्यामुळे बोलणं निम्मं गावचं, निम्मं मुंबईचं. असा एखादा कारागीर तुम्हीही पाहिला असेल, ज्याच्यापुढे आपलं शिक्षण उगाच अवघडून उभं राहतं.

ते गेल्याचं मला दोन महिन्यांनी कळलं. तेव्हापासून हे लिहायचं म्हणतो आहे.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट. शाळेतली नोकरी सांभाळून मी एका नेत्रशिबिर मंडळाचा चिटणीस होतो. मंडळाला एक जुना पिकअप मिळाला. त्याच्या पाठीवर खोली बांधायची होती. डॉक्टर तिथेच डोळे तपासणार, मुक्कामालाही तिथेच राहणार. मागे दोन चाकांची ट्रॉली ओढायची, तिच्यावर जनरेटर, कारण जव्हारकडच्या पाड्यांवर वीज नव्हती. पहिलं शिबिर रविवारी ठरलं होतं.

"घाई आसा तर घोडो घ्या, मास्तर," हे मी रोज ऐकत होतो. पण खोली झकास झाली. डॉक्टरीणबाई उंच आहेत असं कळल्यावर न सांगता काकांनी झोपायचं बाक वीतभर लांब केलं.

शुक्रवारी घोळ लक्षात आला. खोलीचं दार मागच्या बाजूला होतं. ट्रॉली जोडली की ते जनरेटरला आपटे, अर्धंच उघडे.

"काका, जनरेटर फूटभर मागे घ्या ना," मी म्हणालो.

"मागे वजन गेला तर ट्रॉली गाडयेक नाचवतली."

"फूटभरच तर म्हणतोय. परवा शिबिर आहे!"

"तुम्ही शिकलेली माणसा," ते म्हणाले आणि पाना उचलला.

शनिवारी सकाळी ते स्वतः ट्रॉली जोडलेली गाडी घेऊन चढावर गेले. शेजारी कुणाला बसू दिलं नाही. उतरताना अर्ध्यावर ट्रॉली डावीकडे झुलली, मग उजवीकडे. प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा. खाली नळावर बायका हंडे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी गाडी कडेच्या दगडी भिंतीला लावली. पत्रा किंचाळत राहिला आणि नळापासून चार पावलांवर सगळं थांबलं.

ते उतरले. कोपर सोललेलं. आधी बायकांना म्हणाले, "भिया नको गे, थांबली ती." मग मला, हळू आवाजात, "दार बाजूक काढूचा लागतला. चार दिवस."

शिबिर पुढे ढकललं. संध्याकाळी मंडळाचे अध्यक्ष शेडमध्ये येऊन काकांवर ओरडले. "जनरेटर मागे कुणी न्यायला सांगितला रे तुला? एवढी अक्कल नाही? माणसं मेली असती!"

शेडमधले सगळे हातातलं काम सोडून ऐकत होते. काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी चष्मा पुसत होतो. एक वाक्य बोलायचं होतं, तेही छोटं. ते मी आजपर्यंत कितीतरी वेळा मनात नीट जुळवलं आहे.

"चूक झाली, साहेब," ते म्हणाले.

चार दिवसांत त्यांनी बाजूला दार काढलं, जनरेटर पुढे घेतला, गाडी पुन्हा उतारावरून आणून दाखवली. सरळ आली. त्यानंतर मंडळाने त्यांना काम दिलं नाही. मीच चिटणीस होतो, म्हणजे मीही दिलं नाही.

नवी बॉडी रस्त्यावर निघताना पहिला नारळ ती बांधणाऱ्याने फोडायचा, अशी तिथल्या शेडींची रीत. शिबिराला निघायच्या सकाळी अध्यक्षांनी मला पुढे बोलावलं. काका धुतलेला सदरा घालून रस्त्यापलीकडे उभे होते. मी नारळ फोडला. गाडी जव्हारकडे निघाली.

खोबऱ्याचा तुकडा घेऊन मी रस्ता ओलांडला, तोवर ते वळून चालू लागले होते. फार लांब गेले नव्हते. हाक मारली असती तर थांबले असते. गल्लीच्या वळणापर्यंत मी तो सदरा बघत राहिलो.