पाणी टाकणारं विमान कसं ओळखावं

आमच्या प्रताप नगरावरून विमानं इतक्या खालून जातात, की गच्चीवर वाळत घातलेले पापड उडदाचे की ज्वारीचे, हे पायलटला सांगता यावं. रिटायर झाल्यावर माणसं पोथ्या वाचतात, गुडघे शेकतात. मी विमानं ओळखायला लागलो. बायको म्हणाली, "घरात कोन्त्या डब्यात कोन्ती डाळ हाय थे ओळखू येत नाही, अन् चालले इमानं ओळखाले!" मी लक्ष दिलं नाही. घरच्या माणसाला विद्वानाची किंमत नसतेच.

प्रवासी विमानं काय, कोणीही ओळखतं. माझा विषय खास होता: आग विझवणारी विमानं. मोबाइलवर परदेशातल्या जंगलांच्या आगी पाहता पाहता हे वेड लागलं. रंग पिवळा, पंख पाठीवर आणि पोट होडीसारखं असेल, तर ते तळ्यावर घासत जाऊन पोटात पाणी भरून घेणारं विमान. पोटाखाली फुगीर टाकी आणि मागे लाल धूर सोडल्यासारखं काही दिसलं, तर ते औषध कालवलेलं पाणी सांडणारं. आणि हेलिकॉप्टरखाली लांब दोरीला काही लोंबत असेल, तर बेलाशक समजावं, पाणी येऊन राहिलं. सकाळी बगिच्यातल्या हास्यक्लबात मी हे सगळं शिकवत असे. खोटं खोटं हसून दमलेले लोक निमूट ऐकून घेत. यातलं एकही विमान नागपूरवर कधी दिसलं नाही, हा मुद्दा कोणीच काढला नाही. आपल्याकडे ज्ञान असलं की पुरे, त्याचा उपयोग कोण विचारतो?

आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, माझ्या घरालगत एक रिकामा प्लॉट आहे. मालक कोण, देव जाणे. पण कचरा टाकायचा हक्क सगळ्यांचा. कडुनिंबाची पानं झाडून तिथे ढीग करायचा आणि सकाळी सकाळी काडी लावून निघून जायचं, ही आमची जुनी रीत. समोरच्या बंगल्यातले रिटायर साहेब तर हे काम पूजेसारखं करत. आंघोळ, मग काडी, मग चहा. प्लॉटच्या कोपऱ्यात प्रेसवाल्या बाईची टपरी होती. चार बल्ल्या, वर टिन, बाजूने ताडपत्री. कोळशाची इस्त्री घेऊन ती दिवसभर उभी. अख्ख्या लेआउटचे कपडे तिच्याकडे, आणि तिचं अख्खं घर त्या टपरीवर.

एप्रिलातली गोष्ट. साहेबांचा सकाळचा ढीग आतून धुमसत राहिला असावा. अकराच्या सुमारास गरम वारा सुटला आणि वाळलेल्या गवताने पेट घेतला. बाई ओरडत आमच्या फाटकात आली. माझ्या बायकोने कूलर भरायचा पाइप तिच्या हातात दिला, नळ सोडला. बाई एकटी पाइप ओढत गेली आणि गवतावर पाणी मारू लागली. दोघं-तिघं शेजारीही बादल्या घेऊन धावले. खरं सांगतो, आग हटत होती. टपरीकडची बाजू जवळजवळ विझली होती.

मी गच्चीवर होतो. माझी जागा तीच. तेवढ्यात धडधड ऐकू आली. कामठीकडून एक हेलिकॉप्टर येत होतं, आणि त्याच्या पोटाखाली लांब दोर, आणि दोराला काहीतरी लोंबत होतं! राजेहो, काय सांगू! आयुष्यात पहिल्यांदा माझी विद्या फळाला येत होती. मी गच्चीवरून बोंब ठोकली, "पाणीवालं आलं! हटा, सगळे हटा! टनाने पाणी पडते, खाली सापडलं त् चेंदा होईन!"

लोक हटले. हास्यक्लबातले माझे विद्यार्थी सगळ्यात आधी हटले. बादल्या खाली ठेवून त्यांनी मोबाइल वर केले. बाई तेवढी हलेना. मी धावत खाली गेलो.

"काकाजी, दोन मिनटं! इकडचं विझत आलं," ती म्हणाली.

"अवं, या एवढूशा पाइपानं काय होते? वर पाह्य ना!" मी म्हणालो आणि नळ माझ्या हाताने बंद केला. पाणी एक दिवसाआड येतं, फुकटचं वरून येऊन राहिलं तर टाकीतलं काहून वाया घालवा, हेही तेव्हा डोक्यात होतं. लाज वाटते, पण होतं.

हेलिकॉप्टर डोक्यावर आलं. आम्ही सगळे तोंड वर करून उभे. ते थांबलं नाही, खाली आलं नाही, एक थेंब पडला नाही. सरळ सोनेगावच्या विमानतळाकडे निघून गेलं. कोणीतरी विचारलं, "काका, गेलं ना जी थे?" इथे तरी मी गप्प बसावं की नाही? मी म्हणालो, "पहिल्या फेरीत पाहणी करते. दुसऱ्या फेरीत टाकते." आणि सगळे दुसऱ्या फेरीसाठी उभे राहिले! ताडपत्री पेटली तेव्हाही एकजण आभाळाचंच शूटिंग करत होता.

फायर ब्रिगेडला फोन केला तो माझ्या बायकोने. लाल गाडी रस्त्याने आली. ती ओळखायला अभ्यास लागत नाही. तोवर टिन तेवढं उरलं होतं.

हेलिकॉप्टर डोक्यावर असताना मी काढलेला फोटो नंतर मोठा करून पाहिला. दोराला पाणी नव्हतंच. जाळ्यात बांधलेलं कसलंतरी सामान होतं.

संध्याकाळी सगळे प्लॉटवर जमले, आपापले कपडे मागायला. साहेब पुढे होते. "कोळशाची इस्त्री. दुसरं काय होणार!" ते म्हणाले. एका विद्यार्थ्याने मला हळूच विचारलं, "काका, ते मॉडेल कोणतं होतं?" बाई काळ्या ढिगाजवळ बसली होती. ओढून काढलेले, अर्धे जळलेले कपडे पुढ्यात घेऊन.

माझ्याने राहवलं नाही. मी सगळ्यांपुढे म्हणालो, "आग पानांची होती. अन् नळ म्या बंद केला." साहेबांनी घड्याळ पाहिलं. एक शेजारीण म्हणाली, "थे जाऊ द्या जी, माही सिल्कची साडी कोठी आहे?"

प्रेसवालीने माझ्याकडे पाहिलं. रडलेली होती, पण आवाज कोरडा होता. "या काकाजी, बसा. लोकं कपडे मांगून राहिले. कोन्ता कोनाचा, तुमीच सांगा. तुमाले त् आभाळातलं ओळखू येते."

मी तिच्यासमोर मातीत बसलो. हाताला लागला तो तुकडा उचलला. शर्टाची बाही होती, निळी असावी, खांद्याकडून कोपरापर्यंत जळलेली. उलटी केली, सुलटी केली. कोणाची, काही कळेना.

"तुमचीच हाय," बाई म्हणाली. तिने नीट पाहिलंही नव्हतं. "कफाचं बटन काकूनं येगळं लावलं हाय."