फ्रीजरमधला घराचा कागद

नेब्रास्कातली माझी शेजारीण वर्ना लग्नाविनाच ऑर्व्हिलच्या घरात म्हातारी झाली. राज्याच्या नव्या कायद्याप्रमाणे, आपल्यामागे घर तिचंच व्हावं असा कागद ऑर्व्हिलनं गेल्या आठवड्यात केला. उद्या त्याच्या हृदयाचं ऑपरेशन, म्हणून तिचा पाय एका जागी ठरत नव्हता.

"कागद नोंदवलास ना रे?" तिनं ऑर्व्हिलला विचारलं.

"फ्रीजरमध्ये ठेवलाय, हरणाच्या मटणाखाली. आग लागली तरी जळायचा नाही."

"अरे, तू जिवंत असताना कचेरीत नोंदला नाही, तर तो रद्दी. वकील सांगत होता तेव्हा कुठं होतास?"

"मॅच चालू होती."

मी त्यांच्याकडेच बसलो होतो, लगेच गाडी काढली. कचेरी बंद होताहोता तिघं पोचलो. शिक्का पडेपर्यंत वर्ना खुर्चीवर टेकली नाही.

"आता मी मरायला मोकळा," ऑर्व्हिल म्हणाला.

"गप बस," ती म्हणाली, पण त्याची बाही सोडेना.