मामींची मिनिटं

जगात खरोखर किती वाजलेत हे तीस वर्षं ठाऊक नसलेला गणिताचा एकमेव शिक्षक म्हणजे माझे मामेसासरे. बायकोचे मामा, म्हणून माझेही मामा. पनवेलहून रोज एसटीने उरणच्या शाळेत जायचे, आणि सकाळची गाडी वेळेवर पकडणं हे गणित काही त्यांना सुटत नसे. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात चार गाड्या चुकल्यावर मामींनी शिवणकामाच्या कमाईतून त्यांना एक स्वस्तातलं चावीचं घड्याळ घेऊन दिलं आणि मुद्दाम पुढे लावलं. किती पुढे, ते सांगितलं नाही. "आकडा कळला की तुम्ही वजाबाकी करणार आणि पुन्हा पांघरूण ओढणार," असं म्हणून त्यांनी नवऱ्याकडून शब्द घेतला, की दुसऱ्या कुठल्याही घड्याळाकडे बघायचं नाही.

मामांनी तो शब्द असा काही पाळला की विचारू नका! बँकेत गेले की भिंतीवरच्या घड्याळाला पाठ करून बसत. टोकन पुकारलं तरी वळत नसत. स्टँडवरचं घड्याळ दिसू नये म्हणून आत शिरताना छत्री उघडत, भर मे महिन्यातसुद्धा. रेडिओवर बातम्यांची वेळ झाली की कानांत बोटं. शाळेत घंटेवर चालायचे, आणि तेवढा वेळ मनगटावरचं घड्याळ डब्याच्या पिशवीत, पोळ्यांच्या शेजारी, घंटेशी ताडून आकडा कळू नये म्हणून. आमच्या लग्नात मुहूर्ताला गुरुजी मोठ्याने मिनिटं मोजायला लागले. नवरीचा मामा नवरीच्या मागे उभा हवा, तर हे मांडवाबाहेर, कान झाकून! माझी बायको अजून ते काढते.

मग मामी गेल्या, आणि महिन्याभरात घड्याळही थांबलं. मामा ते रुमालात गुंडाळून माझ्याकडे आले.

"जावईबापू, दुरुस्त करून आणा. पण आकडा हिचाच हवा."

"किती होता?"

"मला काय माहीत? आणि कळला तर मला सांगू नका!"

म्हणजे सांगणारं माणूस गेलेलं, आकडा मी शोधायचा, लावायचा, आणि मामांना कळू द्यायचा नाही. आधी दुरुस्तीला कुठे न्यायचात, म्हणून विचारलं, तर तेही मामींनाच ठाऊक. घड्याळजीच्या दुकानात हे कशाला पाऊल ठेवतील? तिथे चारी भिंतींवर घड्याळं! मला हसू फुटणार होतं, पण मामा रुमालाची गाठ पुन्हा पुन्हा आवळत होते. "हिचं घरात चालू राहिलेलं एवढंच होतं हो," ते म्हणाले. मग माझी काय टाप आहे नाही म्हणायची?

तेव्हा सेलच्या घड्याळांची नुसती लाट आली होती. पहिला दुकानदार म्हणाला, "अंकल, हे म्युझियममध्ये द्या." दुसऱ्याने घड्याळ न उघडताच मान हलवली आणि मला कोंबड्याचा गजर विकायचा प्रयत्न केला. तिसऱ्याने दुकानात व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी टाकली होती. मी त्याचा मेंबर होऊन बाहेर पडलो. शेवटी एका पानवाल्याने सांगितलं, "मशिदीच्या गल्लीत एक चाचा हायेत. पण घाई करायची नाय."

मामा हट्टाने बरोबर आले, आणि दुकानाबाहेर उघड्या छत्रीआड उभे राहिले. चाचांनी डोळ्याला भिंग लावलं, घड्याळाचं मागचं झाकण उघडलं, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते.

"अरे, ये तो माझंच अक्षर हाय!"

दुरुस्त केलेल्या प्रत्येक घड्याळाच्या झाकणाला आतून बारीक खूण कोरायची त्यांची पद्धत. त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. तीन ओळी होत्या. प्रत्येकीत साल, आणि पुढे अधिकचं चिन्ह घालून एक आकडा.

"बाई यायच्या," चाचा हळूच म्हणाले. "बोलायच्या, एवढी मिनिटं पुढे लावा, आणि आत लिहून ठेवा, मी इसरले तर." आकडा दर वेळी वाढत गेला होता. "मास्तरसाब सुस्त होत चालले, दुसरं काय!"

बाहेरून हाक आली, "सापडला का? सांगू नका हं!"

आठ दिवसांनी, रविवारी, घड्याळ टिकटिकायला लागलं. काटे फिरवताना चाचा थांबले. "शेवटचा आकडा लावू, का अजून एक मिनिट चढवू? उमर झाली त्यांची."

मी बाहेर पाहिलं. मामा छत्रीखाली डोळे घट्ट मिटून उभे होते. "चढवा," मी म्हणालो. चाचांनी चौथी ओळ कोरली.

मामांनी घड्याळ कानाला लावलं, मग बघितलं. "अरे बाप रे, एवढे वाजले? चला चला, ही ओरडेल!" आणि तरातरा निघाले. नाक्यावर एकदम थांबले. घड्याळ पुन्हा कानाला लावलं.

"तोच आहे ना हो आकडा?"

"तोच."

"वाटलंच. हातात घेतल्याबरोबर ओळखलं मी." डोळे पुसायला त्यांनी तोच रुमाल काढला.

उरलेल्या नोकरीत त्यांची एकही गाडी चुकली नाही. मामा जाऊनही आता बरेच दिवस झाले. घड्याळ माझ्या हातात आलं, पण मला त्याचा काही उपयोग नव्हता. आकडा ठाऊक असलेला माणूस मी. रोज वजाबाकी करायचो आणि रोज ऑफिसला उशिरा पोचायचो. गेल्या आठवड्यात मात्र मी चक्क वेळेच्या आधी पोचलो. एकदा नाही, सलग चार दिवस. माझी आंघोळ चालू असताना बायको घड्याळाला चावी देते, हे मला माहीत होतं. काटे पण फिरवते की काय, ते मी विचारलं नाही. ऑफिसात खुर्ची तेवढी फिरवून घेतली, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाठ करून.