मिठाच्या वखारीची पश्चिमेची भिंत

आमच्या बंदरावरची मिठाची वखार मी बिघडवली.
हे आज लिहिलं नाही, तर कधीच लिहिणार नाही.

आज गुरुवार. सकाळी सहा पस्तीसला धाटावच्या कंपनीच्या बसमध्ये होतो, फर्स्ट शिफ्ट. गडब आलं आणि फोन वाजला.
गोमातात्या गेले.
मी तिथेच उतरलो.

पूर्वी मिठागरातलं मीठ या वखारीत साठायचं आणि भरतीला गलबतातून जायचं. ते सगळं कधीच थांबलं. तरी त्या वखारीत हयात घालवलेले तात्या दरवर्षी पावसाआधी भिंतींचा जुना चुना खरवडून नवा लावायचे. शिंपल्यांचा, स्वतः भाजलेला, स्वतः भिजवलेला.

तीन वर्षांपूर्वी वखार वाचवायची म्हणून आम्ही पोरांनी वर्गणी काढली. दरवर्षी चुना कोण लावत बसणार, म्हणून चारही भिंतींना सिमेंटचं प्लास्टर करायचं मी ठरवलं.

तात्या येऊन बघत उभे राहिले.
"पोरा, या भितीत मीठ मुरलंय. तिला घाम येतो. चुना झडतो, पन दगड रव्हतो. तू तिचं तोंडच बांधलंस."

मी म्हटलं, तात्या, सिमेंट पक्कं असतं.

"व्हय? मंग घरच्या माठालाबी लाव."
सगळे हसले. मीही हसलो.

दोन पावसाळ्यांत प्लास्टर फुगलं. पडताना दगडाचे पापुद्रे घेऊन पडलं. वखार पाडायची नोटीस आली. मी नववीत शाळा सोडली, पण अक्षर चांगलं, शुद्धलेखन चुकत नाही. म्हणून 'धोकादायक इमारत' हा बोर्ड मलाच रंगवायला लावला.

तात्या छिन्नी घेऊन सिमेंट उतरवायला बसले. सुट्टीला मीही जायचो. तीन भिंती मोकळ्या झाल्या, त्यांना चुना लागला. पाहणीला आलेले साहेब म्हणाले, होळीपर्यंत पश्चिमेची भिंतही अशीच करा, मग पाडत नाही.

चुना करायला शिकवतो म्हणून तात्या महिनाभर बोलावत होते. मी शिफ्टचं कारण सांगत राहिलो.

परवा म्हणाले, "शिंपले आनून ठेवलेत. तू ये फकस्त."

दुपारी तात्यांना पोचवून वखारीत गेलो. शिंपल्यांची दोन पोती आहेत. किती भाजायचे, पाणी किती, किती दिवस मुरवायचं, मला माहीत नाही. गावात विचारलं. कोणालाच माहीत नाही.

पेण, रोहा, कुठेही कोणाच्या घरात चुना केलेलं म्हातारं माणूस असेल, तर कृपया कळवा. मी येऊन शिकेन. रजा टाकली आहे.

तात्या, चुकलो.
तुम्हाला हा माझा शेवटचा नमस्कार.