उलटे सप्तर्षी

"बाई, सप्तर्षी उलटे आलेत की!"

पत्र्याच्या घुमटातून शेख सरांचा आवाज घुमत बाहेर आला. मी वाकून आत शिरले. बाहेर भर दुपार, आत काळोख. पत्र्याला पाडलेल्या भोकांतून येणारा उजेड म्हणजे तारे. दिसत होतं सुंदर, पण सगळं आरशात पाहिल्यासारखं.

नव्वदच्या दशकात मी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये ड्राफ्ट्समन होते. म्हणजे वस्तू तयार होण्याआधी तिचं मापासकट ड्रॉइंग काढणारी. एरवी पंपांचे भाग काढायचे. शेख सर कुरुंदवाडकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. रिटायर होण्याआधी पोरांना भरदिवसा तारे दाखवायचे, ही त्यांची हौस. आमचे मालक आबा त्यांचेच विद्यार्थी, म्हणून काम घेतलेलं. आणि परवा निरोप समारंभ.

शाळेच्या कपाटात आकाशाचा एक जुना गोल होता. पृथ्वीगोलासारखाच, वर तारे छापलेले. सरांनी त्यावरून मापं दिली, मी ड्रॉइंग केलं, त्याप्रमाणे भोकं पडली. माप कुणाचंच चुकलं नव्हतं.

"मग बिघडलं कुठं?" आबा कावले.

"तो गोल बाहेरून बघायचा असतो, आबा. आकाशाच्या पलीकडं उभं राहिल्यासारखा. आपण तर आत बसणार," सर म्हणाले.

"चांदण्या त्या चांदण्याच की सर! पोरांना काय कळतंय?"

सर म्हणाले, "घरी जाऊन अंगणातनं ताडून बघतील रे. तू न्हवतास का बघत? आकाशाच्या बाहेर उभा राहिलेला माणूस अजून कुणी न्हाय. तिथलं चित्र पोरांनी कशाला बघायचं?"

आबांनी घुमटाभोवती एक फेरी मारली. पत्र्यावर टिचकी मारली.

"बाई, पाकळ्या बोल्टवरच हायत न्हवं?"

संत्र्याच्या फोडींसारखे पत्रे जोडून घुमट केला होता. त्यांना आम्ही पाकळ्या म्हणायचो.

"हो, बोल्टवरच."

"मग खोला. सदरा उलटा करतोय तसं करू. रोलिंगला घालून उलट्या बाजूनं वाका."

रोलिंग म्हणजे रुळांमधून पत्रा फिरवून त्याला गोलाई देणारं मशीन. आतली बाजू बाहेर गेली की भोकांचं चित्र पालटतं. मात्र पाकळ्यांचा क्रमही उलटा लावावा लागतो. तो मी खडूने घालून दिला.

दुसऱ्या दिवशी घुमट पुन्हा उभा राहिला. सर आत गेले ते बराच वेळ बाहेर येईनात. आबा अस्वस्थ. शेवटी आतून आवाज आला, "आबा, ये की लेका आत. वर्गात बसायचास तसा बस." आबा चपला काढून आत गेले.

काही वर्षांनी मी त्या शाळेत गेले होते. सर तेव्हा हयात नव्हते. घुमट गंजला होता, गंजाने नवी भोकं पडली होती आणि पोरांनी त्या ताऱ्यांना स्वतःचीच नावं दिली होती.

पुढे ड्रॉइंग कॉम्प्युटरवर आलं. नव्या मुलांना मी एवढंच सांगायचे: माप चुकलं तर लगेच सापडतं. उभं राहायची जागा चुकली, तर सगळी मापं बरोबर येतात.