मासळीवालीचा धारेचा दगड

नवऱ्याला कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही जळगावकडून बोईसरला आलो. मी भूशास्त्र शिकलेली. मला इथल्या एका प्रयोगशाळेत बांधकामाची वाळू, खडी आणि काँक्रीट तपासायचं काम मिळालं. आठवडाभर वाळू चाळायची आणि रविवारी स्कूटर काढून जवळच्या किनाऱ्यावरच्या दांडी गावात मासळी आणायला जायचं.

तिथे माझ्या ठरलेल्या एक मावशी होत्या. एका रविवारी सुरमईचे तुकडे करता करता त्या थांबल्या आणि शेजारच्या थाळीएवढ्या पिवळ्या दगडावर पाणी शिंपडून कोयती घासू लागल्या. दगड ओला झाला तशी त्यात नाण्यांसारखी गोल गोल नक्षी उमटली. मी मासळीच्या पाण्यात तशीच खाली बसले.

"मावशी, ही नक्षी नाही! हे समुद्रातले जीव आहेत. चार-पाच कोटी वर्षांपूर्वीचे!"

"असतील," त्या म्हणाल्या. "धार मात्र बेस लागते."

पुस्तकात याच काळाला इओसीन म्हणतात. तेव्हाच्या उथळ किनाऱ्यावर वाळू साचत गेली, तिच्यात हे नाण्यांएवढे एकपेशीय जीव गाडले गेले आणि सगळ्याचा मिळून दगड झाला. पण आपल्या पालघरच्या किनाऱ्यावर तर सगळा काळा कातळ, ज्वालामुखीचा, या जिवांच्याही आधीचा. त्यात हा पिवळा थर आला कुठून? मला वाटलं, आजवर कुणाच्या नजरेला न पडलेला थर आपल्याला सापडला. घरी जाऊन मी माझ्या जुन्या सरांना फोटो पाठवला आणि खाली ऐटीत लिहिलं, 'दांडीचा इओसीन वालुकाश्म!'

पुढचे तीन रविवार मी ओहोटी गाठून खडकांवरून फिरले. शिरगावच्या किल्ल्याखालपर्यंत जाऊन आले. एकदा शेवाळावरून घसरले आणि गुडघा फोडून घेतला. सापडला तो काळा कातळ आणि शिंपल्यांच्या चुऱ्याचा ठिसूळ, अगदी अलीकडचा दगड. पिवळ्याचा मागमूस नाही.

तिसऱ्या रविवारी लंगडत मावशींसमोर जाऊन बसले, तर त्या म्हणाल्या, "बाय, काय शोधते गो दर आयतवारी त्या खडकांत?"

"तुमच्या या दगडाची खाण."

त्या इतक्या हसल्या की शेजारच्या दोघी टोपल्या सोडून बघायला आल्या. "अगो, तो इथला नाय! माजे सासरे गुजरातकडं गलबत घेऊन जायचे. येताना रिकामं गलबत डुलू नये म्हणून तळाला दगड टाकायचे. त्यातला हाय तो. मला इचारायचं होतं ना!"

खरंच, विचारायचंच होतं. सुरत-भरूचकडे असे दगड आहेत, हे मी स्वतः परीक्षेत लिहून आले होते. सरांना खरं काय ते कळवलं. उत्तरात त्यांनी फक्त हसण्याची चित्रं पाठवली, सलग दोन ओळी.

तरी दगड आतून बघायची हौस काही जाईना. मी मावशींना हार्डवेअरच्या दुकानातला नवा धारेचा दगड बदल्यात दिला. आठवड्याभरात त्यांनी तो परत केला. "ह्यो पातं खातो. तुजा तू ठेव."

"मग तुमच्या दगडाचे मधोमध दोन भाग करूया? एक तुम्हाला, एक मला."

त्यांनी दगड आपल्याकडे ओढून घेतला. "मी समोर उभी राहीन. माज्या म्होरंच कापायचा."

सोमवारी त्या दगड टोपलीत घालून रिक्षाने प्रयोगशाळेत हजर. आमचा यंत्र चालवणारा उत्तर प्रदेशचा. तो म्हणाला, "मौसी, दूर रहिए।" त्या उलट दोन पावलं पुढे सरकल्या. काँक्रीट कापायच्या चकतीने दगड सरळ दुभागला आणि कापलेल्या तोंडावर ओळीने उभे छेदलेले जीव दिसले, आत बारीक बारीक कप्पे असलेले.

मावशींनी माझं भिंग घेतलं आणि बराच वेळ डोळ्याला लावून धरलं. "घरं हायत की गो आत! केवढं बारीक काम!" मग त्यांनी आमच्या साहेबांपासून शिपायापर्यंत एकेकाला बोलावून ते दाखवलं. समजावूनही सांगितलं, माझ्यापेक्षा सोप्या भाषेत. मी बाजूला उभी राहून ऐकत होते. मी आल्यापासून त्या खोलीत दगड-वाळूबद्दल एवढं कुणी हौसेने बोललं नव्हतं.

आपला अर्धा दगड टोपलीत ठेवून निघताना त्या दारात थांबल्या.

"बाय, एक सांग. हे खायला कसे लागत असतील?"

"पुस्तकात चव लिहिलेली नसते," मी म्हणाले. "तेव्हा आमी कोळी असतो तर चाखून सांगितलं असतं," म्हणून त्या रिक्षात बसल्या.